दिनू, साळवींचा बोर्ड गेलेला नव्हता

दिनू, आधी आपलं भांडण संपवू. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले आणि या सतरा दिवसांत जो तो तुझ्याविषयी गोड गोडच बोलतोय. गुणी पोरगा, कधी कोणाला उलटून बोलला नाही, देवाला चांगली माणसं आधी लागतात. ऐकून ऐकून माझे कान किटले. कोणाला उलटून बोलला नाही म्हणे! मला विचारा ना. चहात साखर कमी पडली की तोंड फुगवून बसणारा, स्क्रू-ड्रायव्हर जागेवर दिसला नाही की घर डोक्यावर घेणारा दिनू यांनी कुठे बघितलाय? तो मी बघितलाय. मी कुडपणात नांदायला आले तेव्हा तू तिसरीत होतास आणि माझ्या पदराला धरून पाण्याला यायचास. तुझा दादा तेव्हाही नोकरीला मुंबईत, आताही मुंबईत. त्या घरात बोलायला मला तूच होतास आणि भांडायलाही तूच. भांडण अर्धं टाकून निघून जायची तुझी सवय जुनी आहे, पण या वेळी मी सोडणार नाही.

तुला "मेल्या" म्हणायची माझी सवय होती. मेल्या जेवायला ये, मेल्या पाय धू. आता तोंडात येतं आणि जीभ चावते. पण मनात म्हणतेच. का नाही म्हणायचं? अठरा वर्षं प्रेमाने म्हणत होते, आता एका ट्रकवाल्यामुळे तो शब्द माझ्याकडून कोणी काढून घ्यायचा नाही.

मुंबईत एका दुकानात दोन वर्षं राबून तू कॉम्प्युटर उघडायला शिकलास आणि महाडला स्टँडच्या मागे गाळा घेतलास. गाळ्यामागे दोन खोल्या होत्या. मुलींची शाळा महाडला व्हावी म्हणून मी त्यांना घेऊन खाली आले, सासूबाई वर कुडपणात गुरांपाशी राहिल्या. मी दुकानात यायची ती चहा घेऊन. तू कॉम्प्युटरचा डबा उघडून आत डोकं घातलेलं असायचं. "वयनी, जरा बॅटरी धर गो." मी बॅटरी धरायची. एक दिवस तुझी बोटं वायरींच्या मधे जाईनात, कोयता धरून धरून झालेली ती जाडजूड बोटं, आणि तू म्हणालास, "तुझा हात बारीक हाय, तू काढ बघू ती पट्टी." ती रॅम होती. मी काढली. तू म्हणालास, आता तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घास. धाकटीच्या दप्तरातला खोडरबर आणला, घासला, पट्टी परत बसवली, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळायला लागली. दिनू, मला दोन मुली झाल्या तेव्हासुद्धा मी इतकी ओरडले नव्हते.

चित्र येत नाही म्हणून कोणी मशीन आणलं की काय काय बघायचं, तो क्रम तू मला आरतीसारखा पाठ करून घेतलास. आधी मॉनिटरचा दिवा बघ. नारिंगी असेल तर मॉनिटर जिवंत आहे, त्याला डब्याकडून काही येत नाही एवढंच. मग केबल बघ, टोकाची पिन वाकली असेल. मग दुसरा मॉनिटर लावून बघ. मग रॅम, मग चित्राचं कार्ड. आणि कान उघडे ठेव. धडधाकट मशीन चालू होताना एकदा बीप करतं. पुन्हा पुन्हा ओरडलं तर त्याला काहीतरी दुखतंय. काहीच बोललं नाही तर मात्र दुखणं खोल आहे. पावसाळ्यात तर निम्मी मशीनं रॅमच्याच दुखण्याची यायची. इथल्या पावसात भिंतींना शेवाळ येतं, तिथे रॅमचं काय घेऊन बसलात!

तो पोलादपूरचा गृहस्थ आठवतो? गोधडीत बांधलेला मॉनिटर मांडीवर घेऊन एस.टी.तून आला. "कॉम्प्युटरात चित्र नाय." तू विचारलंस, डबा कुठे आहे? तर म्हणतो, "तो घरी ठेवला, त्याच्यात काय बिघाड नाय, त्याच्यात चित्र कधी नव्हतंच." तू तोंडावर रुमाल धरून मागच्या खोलीत आलास आणि चुलीपाशी बसून इतका हसलास की मला वाटलं, तुला उचकी लागली. मग बाहेर जाऊन त्या माणसाशी किती अदबीने बोललास! कोणाच्या अडाणीपणाला तू त्याच्या तोंडावर कधी हसला नाहीस. हे मात्र लोक तुझ्याविषयी म्हणतात ते खरं आहे.

हे शिकायला लागून चार वर्षं झाली होती, दिनू. चार वर्षांत मी निम्म्याहून जास्त मशीनं माझ्या हाताने बरी केली. तू बाहेरच्या कामाला मोटरसायकलवरून हिंडायचास, मी दुकानात उघडून बसायची. आणि गिऱ्हाईक आलं की पटकन उठून ओट्यापाशी जायची. कारण तू सांगून ठेवलं होतंस. "वयनी फोन घेते, चहा करते," असं तू सगळ्यांना सांगायचास. मी केलेलं मशीन गिऱ्हाइकाच्या हातात देताना लोक तुझी पाठ थोपटायचे आणि तू थोपटून घ्यायचास. मी विचारलं की म्हणायचास, "सांगेन गो, सांगेन. बाई उघडते असं कळलं तर लोक मशीनं दुसरीकडं नेतील. थोडी थांब." किती थांबू रे? तू मला शिकवलंस, दुसऱ्या कोणी शिकवलं नसतं, तुझ्या दादाने तर नाहीच नाही. त्यासाठी जन्मभर तुझं नाव घेईन. पण शिकवलंस आणि झाकून ठेवलंस, याचा राग मला आहे. तू गेलास म्हणून तो कमी झालेला नाही.

आणि मग आलं साळवींचं मशीन.

बिरवाडीचे साळवीकाका, लग्नपत्रिका छापणारे. दसऱ्याला त्यांनी मशीनची पूजा केली, डब्याच्या पुढच्या बाजूला ओल्या कुंकवाचं हे एवढं मोठं स्वस्तिक काढलं, वर अक्षता, फूल, सगळं यथासांग. दुसऱ्या दिवसापासून चित्र बंद. पंखा फिरतो, डब्याचा दिवा लागतो, मॉनिटर नारिंगी आणि बीप नाही. तू तीन दिवस झुंजलास. रॅम बदललीस, कार्ड बदललंस, पॉवर सप्लाय बदललास. शेवटी म्हणालास, बोर्ड गेला, म्हणजे रॅम, कार्ड सगळं जिच्यावर बसतं ती मोठी पाटीच. मी म्हटलं, दिनू, बोर्ड गेला असं मला वाटत नाही. जळका वास नाही, काही फुगलेलं नाही, आदल्या दिवशी ठणठणीत चालत होतं. पूजेच्या दिवशी काहीतरी झालंय, पुढून बघ. तेव्हा साळवीकाका समोर बसले होते. तू त्यांच्यादेखत मला म्हणालास, "तुला काय कळतं गो बोर्डातलं? तू चहा ठेव."

साळवीकाका हसले. तूही हसलास.

मी चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तू खेडला कामाला निघालास, मी जेवणाचा डबा दाराशी ठेवला आणि आत गेले. तू दारातून दोनदा "वयनी" म्हणून हाक मारलीस. मी भांडी घासत होते, मुद्दाम जोरात घासत होते. तू गेलास. दुपारी कशेडी घाटातून माणूस आला, ट्रकचं सांगायला.

तुझ्या त्या दोन हाका मी ऐकल्या होत्या, दिनू. मला ऐकू आल्या नाहीत असं मी कोणालाही खोटं सांगणार नाही, तुला तर नाहीच. राग होता म्हणून ओ दिली नाही. संध्याकाळी देणार होते. मला काय माहीत?

तुला कुडपणला नेलं. सगळे जमले, मुंबईहून दादा आला. पाचव्या दिवशीच तो मला म्हणाला की दुकान आता बंद, गाळा एका मोबाईलवाल्याला द्यायचं बोलणं झालंय, तेरावं झालं की चावी द्यायची. तू वर आईपाशी राहा, मुली पोलादपूरच्या शाळेत जातील. मी म्हटलं, दुकान मी चालवीन. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी एस.टी. चालवीन म्हणाले. "तू? तुला येतं काय त्यातलं?" आणि मी गप्प बसले. काय सांगणार? चार वर्षं माझ्या कामावर तुझं नाव होतं. एक साक्षीदार होता, तो तू, आणि तू तर राख होऊन बसलास.

नवव्या दिवशी दादा गाळ्याच्या मालकाला भेटायला महाडला निघाला. लोकांची मशीनं परत करायची होती, ती पुसून ठेवायला मी बरोबर निघाले. सासूबाई दारात आडव्या आल्या. "अगो, सुतकात कुठं चाललीस गो?" म्हटलं, लोकांच्या वस्तू दुकानात अडकल्यात, त्यांना कसलं सुतक?

दादा मालकाकडे गेला, मी दुकान उघडलं. टेबलावर साळवींचा डबा तसाच, त्याच्यावर ते वाळलेलं कुंकू. तुझी ती जगावेगळी रीत सगळ्या बाजाराला माहीत होती. गिऱ्हाइकाचं मशीन तू लख्ख पुसून द्यायचास, पण पूजेच्या कुंकवाला फडका लावायचा नाहीस, त्याच्या कडेकडेने पुसायचास. "त्यांच्या घरच्या देवाचं हाय, आपण पुसायचं नाय." बायका तुझं केवढं कौतुक करायच्या त्यावरून! मलाही तू तीच सवय लावलीस. त्या दिवशी मीसुद्धा फडका घेऊन कडेकडेनेच पुसत होते. आणि एकदम माझं डोकं फिरलं. म्हटलं, याने आयुष्यभर परक्यांच्या देवाचं कुंकू जपलं, आणि देवाने त्याचं काय जपलं? सत्तावीस वर्षांच्या पोराला घाटात आडवं केलं. मग मी का जपू? फडका ओला केला आणि ते स्वस्तिक खसाखसा पुसायला लागले. रडत होते, देवाला शिव्या देत होते, तुलाही देत होते.

पुसता पुसता खालच्या छोट्या बटणावर हात पडला. दोन बटणं असतात पुढे. मोठं चालू करायचं, त्याखाली हे बारकं, मशीन अडकलं तर पुन्हा सुरू करायचं. ते बारकं बटण बाहेर नव्हतं. आत दाबून बसलेलं. कुंकवाच्या लगद्याखाली दिसतच नव्हतं. केसातली पिन काढून फटीत घातली, आणि लाल झालेला, फुगलेला तांदळाचा एक दाणा बाहेर आला. अक्षत! बटण टक्‌ करून वर आलं. अरे, ते बटण दाबलेलं राहिलं तर मशीन जन्मात सुरू व्हायचं नाही. पंखा फिरेल, दिवा लागेल, पण ते पुन्हा पुन्हा पहिल्या पायरीवरच. तू आतलं सगळं बदललंस, रॅम बदललीस, कार्ड बदललंस, पण पुढच्या बटणांच्या वायरी दर वेळी तशाच ठेवल्यास आणि त्या कुंकवाला हात लावला नाहीस.

मोठं बटण दाबलं. बीप. एकच. मॉनिटरचा दिवा हिरवा झाला. मी "दिनू!" म्हणून एवढ्याने ओरडले की शेजारचा शिंपी धावत आला. काय झालं म्हणून विचारतोय बिचारा. मी त्याला काय सांगू? जिंकले होते आणि ज्याच्याशी भांडत होते तो नव्हता. असला राग मला कधी आला नव्हता, दिनू.

दादा आला. चालू मशीन बघून दारातच थांबला. "हे साळवींचं ना? बंद होतं ना?" मी सांगणार, तेवढ्यात तो स्वतःच म्हणाला, "दिनूनं करून ठेवलं होतं." आणि मॉनिटरवर डोकं टेकून रडायला लागला. नऊ दिवसांत तो एकदाही रडला नव्हता. माझ्या तोंडातले शब्द तोंडातच राहिले.

साळवीकाका आले. लग्नाच्या पत्रिका आणि सुतकातल्या घरातलं मशीन, म्हणून येताना बाटलीत गोमूत्र घेऊन आलेले. मी म्हटलं, काका, ते तुमच्यावर शिंपडा, आमच्यावर शिंपडा, डब्यावर थेंब पडला तर मी जबाबदार नाही. दादाने त्यांना सांगितलं, दिनूचं शेवटचं काम आहे. काकांनी डब्याला हात जोडले. "काय हात होता पोराचा! त्याच्या हातच्या वस्तूला कसलं आलंय सुतक," म्हणाले आणि घेऊन गेले. मी परत गप्प. म्हटलं, राहू दे. गेलेल्या पोराचं तेवढं तरी राहू दे. बघ, किती शहाणी झाले होते मी.

तेराव्याला साळवीकाका कुडपणपर्यंत चढून आले आणि अंगणात बसून त्यांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. बोर्ड मेलेला, दिनूने जाता जाता त्याच्यात जीव घातला. लोकांनी डोळे पुसले. तुझ्या नावाची पोथी तयार झाली होती, दिनू. आणि तिच्या शेवटी दादा म्हणाला, "असा माणूस परत होणं नाय. दुकान त्याच्याबरोबर गेलं. उद्या चावी देतो." सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेव्हा मला कळलं की आता गप्प बसले तर कायमची गप्प बसले. मी बायकांतून उठले आणि अंगणात गेले. सासूबाई मागून म्हणाल्या, "आत ये गो." गेले नाही. आवाज चांगला लागला.

म्हटलं, "ते मशीन दिनूनं केलं नाय. दिनू चुकला होता. बोर्ड गेलाय असं तो म्हणाला होता आणि बोर्ड गेलेला नव्हता. ते मी केलं."

दादा उभा राहिला. "तेराव्याला मेलेल्या माणसाला खोटं पाडतेस? लाज वाटते का?"

म्हटलं, "मेला म्हणून त्याचं चुकलेलं बरोबर होत नाय. जिवंत असता तर दोन दिवस माझ्याशी भांडला असता आणि तिसऱ्या दिवशी कबूल झाला असता. साळवीकाका, तुमच्या डब्यावर स्वस्तिक होतं. दिनू गेला त्याच्या दोन दिवस आधी तुम्ही दुकानात आलात, तेव्हा होतं?"

"होतं," काका म्हणाले.

"आता आहे?"

काका विचारात पडले. "नाय. पुसलंय."

"मग दिनूनं पुसलं असेल? सांगा ना. तुम्ही सगळे त्याच्याकडे मशीनं आणत होता. दिनूनं कधी कोणाच्या देवाचं कुंकू पुसलंय?"

मग मी अक्षतेचा दाणा सांगितला, बटण सांगितलं, आधीच्या मशीनांमधली कोणकोणती माझ्या हातची ते नावानिशी सांगितलं. पोलादपूरच्या पतपेढीतलं, बिरवाडीच्या डॉक्टरांचं. सांगताना मला तुझी दया येत होती आणि मी थांबत नव्हते. दादाने मान खाली घातली. साळवीकाका म्हणाले, "त्या दिवशी मी हसलो होतो वयनी. चुकलं माझं. पुढच्या खेपेला मशीन कोणाकडं आणू?"

"माझ्याकडे," म्हटलं.

दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मोबाईलवाल्याला मात्र त्याने चावी दिली नाही. मुंबईची गाडी पकडायच्या आधी स्टँडवर म्हणाला, "वर्षभर बघू." मी म्हटलं, बघा.

काल दुकान उघडलं. सासूबाईंनी बोलणं टाकलंय, गावातल्या दोन बायका म्हणतात, दिराच्या मरणावर दुकान थाटलं. म्हणू देत. सकाळी एक जण आला, माझ्या डोक्यावरून आत बघत राहिला, दुकानवाले आहेत का म्हणून विचारलं. म्हटलं, नाहीत, डबा इकडे ठेवा. ठेवला बिचाऱ्याने. रॅमच होती.

मला तुझी आठवण येते. काम करता करता "बॅटरी धर रे" असं तोंडातून जातं आणि मग बॅटरी दातांत धरावी लागते. तुझ्यासारखा दीर आणि तुझ्यासारखा गुरू मला कुठल्याही जन्मात मिळायचा नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगेन. पण तू चुकला होतास हेही मी सगळ्यांसमोरच सांगितलंय, भर अंगणात, तुझ्या तेराव्याला. माफी मागणार नाही. अपमान वाटला असेल, खोटं वाटत असेल, तर ऊठ आणि ये, मेल्या. इथे समोर बस आणि माझ्याशी भांड.